भोंगा वाजला होता

22 मे 2011, रविवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या जॉप्लिन शहरात वादळाचा भोंगा वाजला, तरी बरेच लोक हातातलं काम करत राहिले. भोंगा काय, नेहमीच वाजायचा. दरवेळी काही होत नसे. सुमारे 20 मिनिटांनी ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेगाचा चक्रीवात शहरात घुसला. झाडांच्या साली सोलून निघाल्या, मोटारींचा चेंदामेंदा झाला. रुग्णालयातले एक्स-रे उडून दूरच्या गावांत पडले. कुणाच्या तरी बरगड्या, परक्याच्या अंगणात! दीडशेहून अधिक माणसं गेली.

पुढे सरकारी चौकशीत दिसलं, की पहिल्या भोंग्यानंतर अनेकांनी आधी खात्री करून घ्यायचं ठरवलं. कुणी टीव्ही लावला, कुणी दारात येऊन आभाळ न्याहाळलं. त्यांना बेफिकीर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रोज उठून कोण घाबरणार? त्यात वादळ पावसाच्या पडद्याआड होतं, बघूनही दिसेना. शिवाय तिथल्या बहुतेक घरांना तळघरच नव्हतं. पळायचं ठरवलं तरी जायचं कुठे? नंतर बांधलेल्या शाळांमध्ये मात्र वादळात तग धरतील अशा भक्कम खोल्या केल्या आहेत.