खालचं अर्धं

इंद्रवेल्लीहून उटनूरकडे निघालं की रस्त्यापासून आत, सागाच्या रानाला टेकून आंध या आदिवासी जमातीची लहानमोठी गावं लागतात. आदिलाबादच्या या पट्ट्यात बाजारात गोंडी, कोलामी, तेलुगू, मराठी अशा सगळ्याच बोली कानावर पडतात. आंधांच्या घरात मात्र मराठीच. अशाच एका गावातल्या म्हातारीची ही गोष्ट.

पावसाची झड थांबून उकाडा सुरू झाला की ती काठी घेऊन रानात शिरायची आणि टोपलीभर टेकोडे घेऊन यायची. रानात अळंब्या नाना तऱ्हेच्या उगवतात. तिला त्यातल्या दोनच ठाऊक होत्या, एक वारुळावरचे टेकोडे आणि दुसऱ्या बारक्या, पांढऱ्या, शेकड्यांनी फुटणाऱ्या सात्या. बाकी सगळ्यांना ती एकच नाव द्यायची, ‘ते आपलं न्हाई.’

नातू आदिलाबादला बी.एस्सी. शिकत होता. त्याच्या मोबाइलमध्ये छत्र्यांचे ढीगभर फोटो होते, नावं पाठ होती. दोनच जाती ओळखणाऱ्या आजीचं त्याला थोडं हसूच यायचं. त्या सुट्टीत तो पहाटे एकटाच गेला आणि आजीच्या दुप्पट माल घेऊन आला. माल देखणा होता. प्रत्येक टेकोडा विळ्याने देठाशी साफ कापलेला, मातीचा कण नाही. बाजारात हा माल मटणाच्या तोडीने विकला जातो, त्यामुळे आईने मनातल्या मनात हिशेबही मांडला.

आजीने टोपलीत हात घातला. एक उचलला, उलटा केला, ठेवला. दुसरा उचलला.

“हा कुठला?”

“वारुळावरचा.”

“अन् हा?”

नातू घुटमळला. येताना गुरांच्या चरणीच्या कडेलाही पांढऱ्या छत्र्या दिसल्या होत्या. टोपी तशीच, देठावर कडं तसंच. फोटोशी जुळल्या, म्हणून त्याही घेतल्या. कुठल्या कुठून घेतल्या ते आता सांगता येत नव्हतं.

“याची मुळी कुठाय?”

“कापून आलो. घाण कायले आणायची?”

म्हातारी काही बोलली नाही. उठली आणि अख्खी टोपली उकिरड्यावर पालथी केली.

आई कळवळली. शेजारीण धावत आली. वाईट तेवढे निवडून काढा, न्हाई तर शिजवताना चांदीचं जोडवं टाकून बघा, काळं पडलं तरच फेका, असं ती म्हणाली. हा समज गावोगाव आहे. कुणी चांदी म्हणतं, कुणी लसूण, कुणी म्हणतं की किड्याने खाल्लेली अळंबी माणसालाही चालते. यातलं एकही खरं नाही. चांदीला अळंबीचं विष कळत नाही आणि किड्याला पचतं ते माणसाला पचेलच असं नाही. आजीने एवढं सांगितलं नाही. ती म्हणाली, “निवडू कशावरून? निवडायची खूण तर हा रानात ठेवून आला.”

तिचं बोलणं अक्षरशः खरं होतं. वाळवी वारुळाच्या पोटात पाचोळ्यावर बुरशीची शेती करते. पावसाळ्यात त्याच शेतातून टेकोडा वर येतो, आणि त्याची लांब मुळी खाली थेट त्या शेतापर्यंत गेलेली असते. शास्त्रात या कुळाला टर्मिटोमायसिस म्हणतात. माणसाला अजून त्याची व्यापारी लागवड साधलेली नाही, वाळवीला मात्र साधली आहे. चरणीवरच्या छत्रीला अशी मुळी नसते. तिच्या टोपीखालच्या पात्या कोवळेपणी पांढऱ्या असतात आणि जून झाल्यावर हिरवट होतात. ती खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब लागतात. जगात अळंबीने जे मृत्यू होतात त्यांतले बहुतेक ॲमानिटा कुळातल्या काही जातींमुळे होतात, आणि त्यांची ओळख सांगणारी पांढरी थैलीही देठाच्या बुडाशी, मातीतच दडलेली असते. ते विष शिजवून मरत नाही. त्रास सुरू व्हायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागतात. मग मध्येच एक दिवस बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. एप्रिल 2022मध्ये वरच्या आसामात रानातल्या अळंब्या खाऊन 13 माणसं दगावली. त्यांत बरेचसे चहाच्या मळ्यांतले मजूर होते. रोज रानाशी संबंध असलेली ही माणसं. केवळ शहरी माणूसच फसतो असं मानायचं काही कारण नाही.

नातवाला ते पालथं टोपलं सहन झालं नाही. त्याने उकिरड्यावरून दोन टोप्या उचलल्या, कागदावर उपड्या ठेवल्या आणि वर वाटी झाकली. कॉलेजात शिकवलेलं होतं. सकाळी एका टोपीखाली फिकट गुलाबी भुकटी पडली होती, दुसरीखाली मळकट हिरवी. त्याने कागद आजीपुढे धरला. तिने तो बराच वेळ निरखला. तिला तो आवडल्याचं दिसत होतं.

“बरं सांगते हा कागद,” ती म्हणाली. “पण उद्या सांगते. चूल आज पेटते.”

पुढच्या पावसात ती त्याला सोबत घेऊन गेली. वारुळापाशी पोचल्यावर आधी हात जोडले. नागपंचमीला पुजायची जागा ती. मग लोखंड न लावता, काठीने कडेकडेची माती सैल करून मुळी कशी काढायची ते दाखवलं. वारूळ फुटलं तर पुढच्या वर्षी तिथे काही यायचं नाही. एक टेकोडा निघायला एवढा वेळ लागला की पहिल्या दिवशी नातवाच्या टोपलीचा तळही झाकला नाही. मुळी मधेच तुटली की आजी तो टेकोडा बाजूला ठेवायला लावायची, मग तो वारुळावरचाच का असेना. मला हे जरा जास्तच वाटतं, आणि नातवालाही वाटलं. पण त्याने वाद घातला नाही.

आठवडी बाजारात त्याने मांडलेल्या टेकोड्यांना हातभर मुळ्या होत्या आणि त्यांना माती चिकटलेली होती. गिऱ्हाईक म्हणालं, “मातीचे पैसे कोण देणार? कापून, धुऊन दे.”

“वजनातनं माती वजा करतो भाऊ, पण मुळी तुमच्या घरी जाऊन कापा.”

गिऱ्हाईक पुढच्या पालाकडे गेलं. तिथे साफ कापलेला माल होता.