कशामुळं आणि कुणामुळं

आपल्या बोलण्यात दोन प्रश्न एकमेकांना खेटून असतात. कशामुळं? आणि कुणामुळं? बैल लंगडायला लागला तर माणूस आधी खूर उचलून बघतो, काटा रुतलाय का, दगड लागलाय का. तिथं कशामुळं एवढंच पुरतं. पण घरातलं माणूस आजारी पडलं, आणि त्या दुखण्याला कुणाला नावच देता येईना, की पहिला प्रश्न मागं राहतो आणि दुसरा घरभर फिरायला लागतो. दुखणं एकाच्याच अंगात असतं, पण हा दुसरा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला चावून जातो.

आमच्या घरात तो धाकट्या बहिणीच्या आजारपणात शिरला. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष होतं. गाव नगर जिल्ह्यातलं. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले आणि पुढच्या शंभर वर्षांत आसपासच्या पुष्कळ गावांत गावकुसाबाहेरची घरं ख्रिस्ती झाली. आमचे आजोबा त्यातलेच. गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती गल्ली, आठ-दहा घरं, पत्र्याचं छोटं चर्च आणि पुढं लिंबाचं झाड. दोन खणांच्या घरात आम्ही सातजण. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रविवारी मात्र वडील धुतलेला सदरा घालून चर्चची घंटा वाजवायचे. ते काम त्यांनी कुणाला दिलं नाही.

धाकटी तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. पहिल्यांदा तिच्या हातातनं तांब्या सुटायला लागला. आठवड्यात तीनदा पाणी सांडलं. मग अक्षर बिघडलं. वहीत ओळीवर बसणारं तिचं अक्षर एकदम रानोमाळ पांगलं. मग खांदा उडायला लागला, तोंड वेडंवाकडं व्हायचं, बाहेर काढलेली जीभ क्षणभर ठरायची नाही. चालताना पाय भलतीकडंच पडायचा. मधेच रडायची, आणि का रडतेस विचारलं तर तिलाच सांगता यायचं नाही. रात्री झोपली की मात्र सगळं थांबायचं. आजी उशाशी बसून बघत राहायची. एकदा म्हणाली, "बाहेरचं काही असतं तर रातीलाच जास्त केलं असतं. हे दिवसाचंच हाय. काहीतरी अंगातलंच हाय पोरीच्या." आजीला वाचता येत नव्हतं. पण त्या सगळ्या दिवसांत नुसतं बघून बोलणारी ती एकटीच होती. बाकी सगळे आधी ठरवून मग बघत होते.

शाळेत मास्तरांनी ठरवलं की पोरगी नाटकं करते. अक्षर खराब म्हणून हातावर छडी बसली. छडी बसली की हात आणखी उडायचा, आणि हात उडाला की पुन्हा छडी. म्हणजे दोष पोरीचा.

भावकीतली जी घरं ख्रिस्ती झाली नव्हती, त्यातली एक म्हातारी आली आणि आईला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्या सासऱ्यानं मरीआईचं ठाणं सोडलं. तिचं येणं राहिलंय. ती नातीच्या अंगावर वसूल करतीया." म्हणजे दोष आजोबांचा, आणि आजोबा तर कधीच ख्रिस्तवासी झालेले.

मग बाहेरगावचे एक प्रार्थनावाले भाऊ आले. त्यांनी डोक्यावर हात ठेवून तासभर मोठ्या आवाजात प्रार्थना केली. पोरगी घामाघूम झाली, भेदरली, आणि अंग आणखीच उडायला लागलं. जाताना ते म्हणाले, "या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय." जाता जाता त्यांची नजर आईवर गेली. म्हणजे दोष आईचा.

शेजारची कॅथलिक मावशी म्हणाली, "सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला घेऊन चला. हिंदू बायासुद्धा येतात तिथं." वडील म्हणाले, "आपण मिशनवाले. आपल्यात मूर्तीपुढं नवस नसतो." त्यावर आई पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली, "तुमचं मिशन पोरीपरीस मोठं हाय का?" दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. आजार पोरीला होता आणि भांडत होतो आम्ही.

मतमाउलीला जावं की नाही हा मुद्दा मी इथं सोडून देतो. त्या मावशीनं दोष कुणाला दिला नव्हता, तिनं फक्त वाट दाखवली होती. बाकीच्या सगळ्यांच्या बोलण्यात मात्र एक गोष्ट सारखी होती. मरीआई म्हणणारी म्हातारी, विश्वास मोजणारे भाऊ आणि छडीवाले मास्तर, तिघांचे देव वेगळे, पण तिघांचा हिशेब एकच. दुःख आलंय म्हणजे कुणाचं तरी चुकलंय. असा हिशेब माणूस का मांडतो? मला वाटतं, भीतीपोटी. दुखणं विनाकारण येतं असं मानलं तर ते उद्या माझ्याही दारात येईल. कुणाच्या तरी चुकीनं येतं असं मानलं, की मी चुकलेलो नाही एवढ्यावर मला झोप लागते. शेजाऱ्याच्या दुःखात दोष शोधणं म्हणजे आपल्या दाराला आतनं कडी घालणं.

हा हिशेब आमच्या धर्मात नव्यानं आला असंही नाही आणि तो फक्त खेड्यातला आहे असंही नाही. अंग असं उडायच्या दुखण्याला युरोपात संत व्हिटसचा नाच म्हणत. तिथं लोकांची समजूत अशी की हा संत कोपला तर माणसाला नाचवतो. 1518 साली स्ट्रासबर्ग शहरात माणसं दिवसेंदिवस नाचत सुटली, तेव्हा त्यांना त्याच संताच्या ठाण्यावर नेलं होतं. तिथला रोग वेगळा असावा, पण समजूत तीच. आमच्या भावकीतली म्हातारी मरीआई म्हणत होती, तिथले ख्रिस्ती लोक संताचं नाव घेत होते. पुढं 1686 साली थॉमस सिडनहॅम नावाच्या इंग्रज डॉक्टरानं अशी मुलं नीट न्याहाळली आणि त्यांचं वर्णन लिहून ठेवलं. कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. पण त्यानं आमच्या आजीसारखं आधी बघितलं.

आमचे पाळकसाहेब महिन्यातनं दोनदा यायचे. एका संध्याकाळी ते आले तेव्हा वडिलांनी त्यांना सरळच विचारलं, "साहेब, पाप कुणाचं?" पाळकसाहेबांनी योहानाच्या शुभवर्तमानातली जन्मांध माणसाची गोष्ट सांगितली. शिष्यांनीही येशूला हेच विचारलं होतं, की याचं पाप का याच्या आईबापांचं. येशूनं दोन्ही नाही म्हणून सांगितलं. याच्यात देवाची कामं दिसावीत म्हणून, असं तो म्हणाला. वडील त्यावर थांबले नाहीत. म्हणाले, "मग काय देवाचं काम दिसावं म्हणून माझी पोरगी अशी झाली? हे तर आणखी वाईट." पाळकसाहेब बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "याचं उत्तर मला देता येत नाही. पण त्यापुढं येशू काय करतो ते बघा. तो खाली वाकतो, मातीचा चिखल करतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला धुवायला पाठवतो. उद्या सकाळच्या एस्टीनं नगरला चला. मी येतो."

विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांना त्यांनी मार्काच्या शुभवर्तमानातला बाप दाखवला. त्याच्या मुलाला झटके यायचे. आपला विश्वास अपुरा आहे असं त्या बापानं येशूच्या तोंडावर कबूल केलं, आणि तरी मुलगा बरा झाला. विश्वासाचं माप भरल्याशिवाय दया नाही, असं त्या गोष्टीत कुठंच नाही.

नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी धाकटीला समोर बसवलं. आपली दोन बोटं तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घट्ट धर, सोडू नकोस." तिला धरवेना. मूठ आवळायची, ढिली पडायची, पुन्हा आवळायची. बाई हसल्या, "घरी धार काढतेस का गं?" धाकटी म्हणाली, "शेळीची काढते." "बघ, माझ्या बोटांची पण तशीच काढतीयेस." कितीतरी दिवसांनी पोरगी हसली. मग बाईंनी आईला विचारलं, दोनचार महिन्यांपूर्वी हिचा घसा दुखला होता का, ताप होता का. आईला आठवलं. होता. हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या, चार दिवसांत उतरला.

दुखणं तिथलं होतं. घशाला एका जातीचे जंतू होतात. त्यांच्याशी लढायला शरीर जे तयार करतं, तेच काही मुलांत उलटतं आणि सांधे, हृदय नाहीतर मेंदूचा हालचाली सांभाळणारा भाग धरतं. घसा बरा झाल्यावर काही महिन्यांनी अंग उडायला लागतं, म्हणून दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. मुलांपेक्षा मुलींना ते जास्त होतं. झोपेत थांबतं. बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप ओसरतं. पण हृदयाची झडप बिघडू शकते, आणि घसा पुन्हा धरला तर सगळं पुन्हा. म्हणून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वयाची विशी ओलांडेपर्यंत. बाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. हृदयात थोडा आवाज होता.

आता कारण मिळालं, म्हणजे कुणामुळं हा प्रश्न मिटायला हवा होता. पण आई तिथंच कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हंजी माझ्यामुळंच. तवाच दवाखान्यात आणायला पाहिजे व्हतं." खरं कारणसुद्धा दोषाच्या कामाला जुंपता येतं, ते असं. मरीआई गेली, विश्वासाचं माप गेलं, आणि त्यांच्या जागी घसा येऊन बसला. आरोपी तीच राहिली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाई, घसा सगळ्यांच्या पोरांचा दुखतो. किती आया दवाखान्यात आणतात? आणि आणतील कशा?" त्या प्रश्नात पुष्कळ होतं. हा ताप दाटीच्या घरांतून पसरतो. दोन खणांत सात माणसं होती ती काही आईच्या हौसेनं नव्हती. खडी फोडायचा दिवस बुडवला तर मजुरी बुडत होती. जवळचा दवाखाना अकरा मैलांवर होता. कुणामुळं हा प्रश्न विचारायचाच तर तो वरच्या अंगानं विचारावा लागेल, रस्ता कुणी केला नाही, दवाखाना कुणी दिला नाही, असा. पण तसा तो कुणी विचारत नाही. दोषाचं पाणी उतार बघून वाहतं. सरकारकडून घराकडं, घरात बापाकडून आईकडं, आणि आईकडून?

ते आम्हाला एस्टीत कळलं. धाकटी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. एकदम म्हणाली, "आई, मंग पाच पैशानं नाही ना झालं?" कसले पाच पैसे? मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उन्हाळ्यात एका रविवारी दानाच्या पिशवीत टाकायला दिलेले पाच पैसे तिनं टाकले नव्हते. बोरकूट घेतलं होतं. घरात सगळे पाप कुणाचं म्हणून शोधत होते तेव्हा तिनंही शोधलं, आणि तिला सापडलं. गेले कितीतरी दिवस ती रात्री पांघरुणात त्या पाच पैशांची क्षमा मागत होती. दिवस उजाडला की हात पुन्हा उडायचा, म्हणजे देवानं क्षमा केली नाही असं ती समजत होती.

उतार तिथं संपत होता. आम्ही कुणी तिच्याकडं बोट दाखवलं नव्हतं. पण प्रश्न एकदा घरात मोकळा सोडला की तो सगळ्यात लहान माणसापाशी जाऊन थांबतो, कारण पुढं ढकलायला त्याच्यापाशी कुणी नसतं. आपण ज्या दुःखाचा अर्थ लावत बसतो, ते दुःख सोसणारं माणूस तो अर्थ ऐकत असतं. तिच्या अंगातला आजार जंतूंनी दिला. तिच्या मनातला आजार आमच्या प्रश्नानं दिला, आणि त्यावर पेनिसिलिन नव्हतं.

ईयोबाच्या मित्रांबद्दल लोक वाईट बोलतात. ते खरंच पुढं त्याला फार टोचून बोलले. पण आरंभी ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले होते, एक शब्द न बोलता. तेवढं त्यांचं चांगलं होतं. अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि बिघडलं.

म्हणून कारण शोधू नये असं मी म्हणत नाही. कशामुळं हा प्रश्न विचारायलाच हवा. तो विचारला म्हणून घसा सापडला, औषध सापडलं. कुणामुळं विचारण्याआधी मात्र बघावं, की या उत्तरानं आजाऱ्याचं ओझं हलकं होणार आहे का जड. आणि तिसरा एक प्रश्न आहे, तो पाळकसाहेबांनी आम्हाला दिला. आता कुणी काय करायचं?

वडिलांनी तो उचलला. दर एकविसाव्या दिवशी अकरा मैल सायकल, पुढच्या दांड्यावर धाकटी. ते इंजेक्शन फार दुखतं. येताना ती कण्हत असायची आणि वडील तिला उपासना संगीतातली गाणी म्हणून दाखवायचे, बेसूर. नाताळापर्यंत तिचं अंग थांबलं. अक्षर परत ओळीवर आलं. हृदयातला आवाज पुढं पुष्कळ वर्षं राहिला, आणि सायकलही. देवानं हे का होऊ दिलं, याचं उत्तर वडिलांना शेवटपर्यंत मिळालं नाही. ते मिळालं नाही म्हणून त्यांनी घंटा वाजवायची थांबवली नाही आणि इंजेक्शनची तारीखही चुकवली नाही.

धाकटी आता नातवंडांची आजी आहे. गल्लीत कुणाच्या घरी आजारपण आलं की ती जाते. काय झालं, कसं झालं, काही विचारत नाही. पोरांना जेवायला आपल्या घरी धाडा म्हणते, आणि मग विचारते, "दवाखान्यात संगं कोण चाललंय?"