अर्धी साक्ष

सिनेमावर मत देण्याचा तुम्हाला काय अधिकार, असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. मी एस.टी.त वाहक होतो. उभे आयुष्य तिकिटे फाडण्यात आणि सीटा मोजण्यात गेले. घर तळेगाव ढमढेऱ्यात. लहानपणी जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा, तो जमिनीवर बसून पाहिला. पुढे घरात टीव्ही आला आणि त्यानंतर जे काही पाहिले ते घरातच. तेही तुकड्यातुकड्यांनी. कधी ड्यूटी, कधी पाहुणे, मधल्या काही वर्षांत तर भारनियमनाने कितीतरी खलनायकांना वाचवले. पुष्कळ सिनेमांचा शेवट मला बायकोकडून समजला आहे. मते मात्र माझी सगळ्या सिनेमांवर पुरीच्या पुरी आहेत, त्यात कुठे तुकडा नाही.

गाडीत हेच ऐकायचो. शिरूरला बसलेली दोन माणसे शिक्रापूर येईपर्यंत एखाद्या दिग्दर्शकाला फासावर चढवून मोकळी होत. त्यातल्या एकाने सिनेमा पाहिलेलाच नाही, हे कोरेगाव भीमाच्या आसपास उघड व्हायचे. मी हसायचो. आपणही तेच करतो, हे तेव्हा मनात येत नसे.

आपल्या घरांतून सिनेमा कसा पाहिला जातो, हे वाचकांना मी वेगळे सांगायला नको. आपण आधी आपला माणूस शोधतो. 'दीवार'मध्ये (१९७५) अमिताभच्या बिल्ल्यावर ७८६ आकडा आहे आणि त्याचे मोल सांगणारा रहीम चाचा आहे, म्हणून तो सिनेमा आमच्या घरात अर्धा आमचाच. त्याच वर्षीच्या 'शोले'तले इमामसाहेब तरुण मुलगा गमावतात आणि नमाजाला निघतात, तेव्हा अम्मा पदर डोळ्यांना लावायची. 'सरफरोश' (१९९९) आला तेव्हा मोहल्ल्यात इन्स्पेक्टर सलीमचीच चर्चा. आपला माणूस चांगला दाखवला की सिनेमा चांगला, वाईट दाखवला की वाईट. आणि चांगला दाखवला तरी आमची एक तक्रार उरतेच, की पडद्यावरच्या चांगल्या मुसलमानाला बहुधा दोनच कामे असतात, माफ करणे आणि मरणे. ही तक्रार खोटी नाही. आजही मी ती मागे घेणार नाही. पण सीटा मोजणे हा माझा धंदा होता, म्हणून एवढे कळते की गाडीत आपली माणसे किती आहेत ते मोजले म्हणजे गाडी कुठे चालली आहे ते समजतेच असे नाही.

तंबूत बसलेला माणूस आणि घरात बसलेला माणूस यांत मोठा फरक आहे. तंबूत शेजारी सारे गाव असते. दाढीवाल्या खलनायकाला मार बसला की लोक शिट्ट्या मारत, आणि आपल्या पोटात काहीतरी गोळा व्हायचे, पण बसून राहावे लागे. घरात तसे नाही. बटण आपल्या हातात असते. जिथे टोचते तिथे बंद करता येते, आणि बंद केल्यावर खोलीत जे बसलेले असतात ते सगळे आपल्याच मताचे असतात. मग कोणत्या जागी दिलेले मत खरे? तंबूत गिळलेले, की घरात बेधडक बोललेले? पूर्वी मी डोळे झाकून घरातले म्हटले असते. आता तसे म्हणवत नाही. त्याचे कारण आमच्या घरातली एक रात्र आहे.

जानेवारी १९८८. दूरदर्शनवर गोविंद निहलानींची 'तमस' लागली होती. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची. आमच्याकडे कृष्णधवल टीव्ही होता आणि रात्री उशिराच्या कार्यक्रमालाही शेजारपाजारचे दोघे-चौघे येऊन बसत. त्या रात्री दाराशी आमचे शेजारी, चपला शिवणारे एक काका, नेहमीसारखे उंबऱ्याला टेकून बसले होते. मालिका सुरू होते तीच मुळी डुक्कर मारण्याच्या लांबलचक प्रसंगाने. नथ्थू नावाचा, मेलेल्या जनावरांची कातडी सोलणारा गरीब माणूस, आणि त्याला ते काम सांगणारा एक माणूस. जनावरांच्या डॉक्टरला डुक्कर हवे आहे म्हणून सांगतो आणि पाचाची नोट हातात कोंबतो. पुढे ते मेलेले डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते.

आमच्या टीव्हीच्या वरच ताक होता आणि ताकात कुरआन शरीफ. अम्मा उठली, ताकावर ओढणी टाकून पुन्हा जागेवर येऊन बसली. अब्बांनी डुक्कर सहन केले. मशिदीची पायरी आली, तेव्हा मात्र ते उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "डुक्कर मारायला लावणारा आपलाच निघाला. दुसरं कोणी भेटलं नाही त्यांना?" आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मी सगळ्यात जोरात. तेवढ्यात अम्मा म्हणाली, "पन वो बिचारे का क्या होयेंगा? उसकू तो मालूमच नई था." कोणाचे, म्हणून मी विचारले. ती नथ्थूबद्दल बोलत होती. अम्माला अक्षर येत नव्हते.

दाराशी बसलेले काका उठता उठता एवढेच बोलले, "पाच रुपये, भाई. त्या टायमाचे. कोन नाय म्हनंल?" आणि चपला घालून गेले.

आम्ही सगळे डुक्कर मारायला लावणाऱ्याकडे पाहत होतो. आमच्या उंबऱ्यावर जो माणूस बसला होता, त्याने त्या पडद्यावर कोणाला पाहिले असेल, हा विचार त्या रात्री आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नाही. एका अम्माच्या आला, तोही तिला ठाऊक नसताना.

थोड्याच दिवसांत पेपरात आले की मुंबईच्या एका मुस्लिम नागरिकाच्या अर्जावर उच्च न्यायालयाने मालिकेला स्थगिती दिली. अब्बांना समाधान वाटले. पण ते टिकले नाही. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी आधी संपूर्ण मालिका बसून पाहिली आणि मग स्थगिती उठवली. आधी पाहिली, मग बोलले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारीत तिथेही हाच निर्णय कायम राहिला. मालिकेवर चिडलेले फक्त आपलेच लोक नव्हते. हिंदूंची बदनामी झाली म्हणून दुसऱ्या बाजूचेही रस्त्यावर आले होते. दोन्हीकडच्यांना आपापला माणूस तेवढा दिसला होता.

त्या निकालांतल्या दोन गोष्टी फार पुढे माझ्या वाचनात आल्या. एक नागपूरची. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तिथल्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एक माप घालून दिले होते. शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर आणि धीराच्या माणसाच्या मनावरून, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोक्याचा वास येतो अशा डळमळीत मनावरून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 'तमस'ला हेच माप लावले. दुसरी गोष्ट मुंबईच्या निकालातली. टीव्ही घराघरांत जातो, अडाणी माणसे भडकतील, या भीतीला न्यायमूर्तींनी उत्तर दिले होते की निरक्षर माणसांना अक्कल नसते असे नाही. डोळ्यांसमोर घडलेले त्यांना समजते. हे वाचले तेव्हा मला अम्माची ओढणी आठवली. कायद्याने ज्या सामान्य प्रेक्षकाची कल्पना केली होती, तो आमच्या घरात ताकाखाली बसला होता, आणि त्याच्यासमोरचा टीव्ही आम्ही शिकलेल्यांनी बंद केला होता.

मत म्हणजे काय, याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. मला वाटते, मत ही एक प्रकारची गवाही आहे. मी अमुक पाहिले, ते असे होते, असे आपण दुसऱ्याला सांगतो, आणि तो त्यावर विश्वास ठेवतो. कोर्टात साक्षीदाराला कोणी विचारले, तू किती पाहिलेस, आणि तो म्हणाला, मला वाईट वाटेपर्यंत पाहिले, तर त्याची साक्ष कोण धरील? खोटे कोणाच्या माथी मारणे याला आपल्याकडे बोहतान म्हणतात आणि त्याचा गुनाह किती मोठा ते लहानपणी अब्बांनीच मला शिकवले. सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष देण्याचा हुकूम आहे, मग ती आपल्या स्वतःच्या किंवा जवळच्यांच्या विरुद्ध का जाईना. अब्बा हे रोज वाचत. त्या रात्री त्यांना ते आठवले नाही, आणि मला तर कितीतरी वर्षे आठवले नाही. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ज्या माणसाने भिवंडीच्या बातम्या ऐकल्या होत्या, त्याला मशिदीची पायरी पाहवली नाही, यात नवल काय?

आणि भिवंडीचेच सांगायचे तर, १९७०च्या दंगलीनंतर भीष्म साहनी तिथे जाऊन आले होते. ती जळालेली वस्ती पाहून त्यांना १९४७ची रावळपिंडी आठवली आणि त्यातून 'तमस' लिहायला सुरुवात झाली, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. अब्बांना ज्या भिवंडीची भीती होती, त्याच भिवंडीने ती कादंबरी लिहून घेतली होती. हे त्यांना सांगायला मी फार उशिरा शिकलो.

२०२०च्या टाळेबंदीत मी, बायको आणि नात यांनी 'तमस' मोबाइलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. बटण तेव्हाही हातात होते. मशिदीच्या पायरीशी अंगठा थरथरला, पण बंद केले नाही. आणि मग राजो आली. सुरेखा सीकरींनी केलेली ती मुसलमान बाई. घरातले पुरुष लूट करायला गेलेले, आणि दाराशी एक म्हातारे शीख जोडपे आसरा मागते. राजो त्यांना घरात घेते. तो म्हातारा म्हणजे स्वतः भीष्म साहनी आणि म्हातारी दीना पाठक. नवरा लुटीची ट्रंक घेऊन येतो, ती नेमकी त्यांचीच निघते. बायको म्हणाली, "ये तो अम्मासरीकीच हय." १९८८ साली आम्ही टीव्ही बंद केला, नंतरच्या आठवड्यांत लावूच दिला नाही. म्हणून राजो आमच्या घरी आलीच नाही. आपल्या माणसाची बदनामी नको म्हणून आम्ही जे बंद केले, त्यात आपलीच इतकी मोठी बाई होती. तिच्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. अब्बा आणि अम्मा तिला न पाहताच गेले.

यावर कोणी म्हणेल, मग काय, द्वेषाने भरलेला प्रत्येक सिनेमा शेवटपर्यंत बघत बसायचे? नाही. गेल्या काही वर्षांत असे सिनेमे आले आहेत की घरात मुले असताना मी ते बंद केले आणि पुन्हा लावले नाहीत. खोटे सहन करण्याची सक्ती कोणावर नाही. पण मग मी एवढेच म्हणू शकतो की मला पाहवला नाही. सिनेमा कसा आहे हे मी सांगू शकत नाही, आणि त्याच्या विरोधात जमवलेल्या सह्यांत माझी सही मागितली तर ती मी देत नाही. मोहल्ल्यात यावरून दोघे माझ्यावर रुसले आहेत. मोबाइलवर आलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा पाहून ज्यांची खात्री पटते, त्यांच्याशी वाद घालणे मला अजून जमत नाही.

'तमस'बद्दल माझे मत द्यायचे राहिले. आता पुरी पाहिली आहे, तेव्हा सांगतो. अंधार फार आहे, मोबाइलच्या पडद्यावर कितीतरी चेहरे ओळखूच येत नाहीत. सुरुवातीचा तो डुकराचा प्रसंग गरजेपेक्षा लांब वाटला, बायकोने तोंड फिरवले. ओम पुरींचा नथ्थू मात्र रात्रभर घरात वावरत राहिला. शेजारचे काका आता नाहीत. त्यांच्या मुलाला मी म्हटले, ये एकदा, आपण सगळे बसून बघू. तो म्हणाला, मोबाइलवर नको चाचा, आमच्या मोठ्या टीव्हीवर लावू, तुम्हीच या.