४२.३४ मीटर

थोडं थांबा. पाठ टेकून बसा. खांदे सैल सोडा.

श्वास आत येतो आहे. बाहेर जातो आहे. येऊ द्या, जाऊ द्या.

आता एक खोली डोळ्यांसमोर आणा. मुंबईतली. १९४२ चा ऑगस्ट सरत आला आहे. दार आतून लावलेलं. समोर मायक्रोफोन.

त्या मायक्रोफोनपाशी बावीस वर्षांची एक मुलगी आहे. उषा मेहता. सुरतेजवळच्या सरस गावची, विल्सन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेली.

तिच्याकडे पाहा. अजून ती बोललेली नाही. ती श्वास घेते आहे.

तुम्हीही घ्या.

आणि ती बोलते. हा काँग्रेस रेडिओ आहे. ४२.३४ मीटरवरून, भारतात कुठूनतरी.

कुठून, ते सांगायचं नाही. कोण, तेही सांगायचं नाही.

त्या आवाजापाशी जरा रेंगाळा.

बाहेर 'भारत छोडो'च्या हाकेने देश पेटलेला आहे. ९ ऑगस्टच्या पहाटेच गांधीजींना पकडून नेलं आहे. नेहरू, पटेल, सगळे गजाआड. विदर्भातल्या चिमूर-आष्टी गावांत काय घडलं ते छापायला वर्तमानपत्रं धजत नाहीत. ही मुलगी ते बोलून दाखवते. संध्याकाळी, कुठल्याशा घरात, कुणीतरी रेडिओला कान लावून बसतं आणि त्याला चिमूर कळतं.

ऐका. खरखर. मग शब्द. पुन्हा खरखर.

विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई ठक्कर सोबत आहेत. पोलीस लहरींचा माग काढत फिरतात, म्हणून ट्रान्समीटरची जागा बदलते. काही दिवसांनी पुन्हा बदलते.

१२ नोव्हेंबर. दारावर धक्के बसतात. आत 'वंदे मातरम्'ची तबकडी वाजते आहे. पोलीस आत घुसतात. तबकडी बंद करा, म्हणतात.

कुणी बंद करत नाही.

इथे थांबा. घाई करू नका. श्वास आत. श्वास बाहेर.

आता तीच मुलगी कोठडीत आहे. एकटी. मायक्रोफोन नाही. सहा महिने चौकशी चालते. साथीदारांची नावं दे, परदेशात शिकायला पाठवतो, असं आमिष दाखवलं जातं.

ती बोलत नाही.

न्यायालयात ती एवढंच विचारते, उत्तरं देणं मला बंधनकारक आहे का? नाही, असं कळतं. मग ती एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

मला हा अबोला त्या प्रसारणांइतकाच मोठा वाटतो. ज्या गळ्यातून देशाला बातमी मिळाली, त्याच गळ्यात माणसांची नावं सुखरूप राहिली.

त्या शांततेत थोडं बसा. ऐकण्यासारखं काही नाही. तरी ऐका.

चार वर्षांची शिक्षा होते. पुण्याचं येरवडा. १९४६ मध्ये सुटका होते तेव्हा तब्येत पार ढासळलेली आहे. स्वातंत्र्याचा दिवस उजाडतो तेव्हा उषाबेन अंथरुणाला खिळलेल्या आहेत.

त्या सावरतात. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर डॉक्टरेट करतात. मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत राहतात, १९८० पर्यंत. राज्य कसं चालावं, नागरिकाने त्याला कधी अडवावं, हे आता त्या विद्यार्थ्यांसमोर उघडपणे बोलतात. अंगावर खादी. राहणी साधी.

वर्गात उभ्या असलेल्या त्या प्राध्यापिकेकडे पाहा. आवाज तोच आहे. आता ठिकाण लपवावं लागत नाही.

हळूहळू डोळे उघडा.

गावदेवीत मणिभवन आहे. तिथल्या गांधी संग्रहालयाचं काम उषाबेननी अखेरपर्यंत पाहिलं. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. जवळच ऑगस्ट क्रांती मैदान आहे. जमलं तर एखाद्या ९ ऑगस्टला तिथे जा. २००० सालीही त्या दिवशी उषाबेन कार्यक्रमाला गेल्या होत्या, अंगात ताप असताना. वय ऐंशी. ११ ऑगस्टला त्या गेल्या.