एकोप्याच्या पलीकडे

पडझडीला आलेल्या वसाहतीत काही करायचं ठरलं की पहिला रविवार झाडूचा असतो. जिन्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या खरवडल्या जातात, गंजलेल्या सायकली हलतात, आवारात रोपं लागतात, ग्रुपवर फोटो फिरतात. पुढच्या रविवारी निम्मी माणसं येतात. मग ठरलेलं निदान होतं: लोकांत पूर्वीचा एकोपा उरला नाही. मला ते पटत नाही.

एकोपा चाळीत होताच की. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. वर्गणी, नाटकं, बाळंतिणीला डबा, कशाचीच उणीव नव्हती. तरी मुंबईतल्या चाळींची छपरं गळतच राहिली. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. घरमालकाला डागडुजी परवडेना, किंवा करावीशी वाटेना. आणि वासा बदलायचा अधिकार भाडेकरूला नव्हता. शेवटी १९६९ मध्ये सरकारलाच कायदा करून उपकर आणि दुरुस्ती मंडळ आणावं लागलं. माया भरपूर होती, पण पैसा आणि अधिकार एका हातात नव्हते.

सहकारी सोसायटीत ते एका हातात येऊ शकतात. म्हणून तिथला कंटाळवाणा कारभार मला श्रमदानापेक्षा मोलाचा वाटतो. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकामखर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि निदान पाव टक्का सिंकिंग फंड जमवायचा असतो. ज्या घराचा बांधकामखर्च १० लाख, त्याचे दोन्ही मिळून वर्षाला १०,००० रुपये. ‘मेंटेनन्स वाढवू नका’ एवढ्या एका मुद्द्यावर दरवर्षी ही वर्गणी रोखून धरली, की गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला एकदम मोठी रक्कम मागावी लागते आणि भांडणं जुंपतात. गच्चीची आणि बाहेरच्या पाइपांची गळती सोसायटीने काढायची, घराच्या आतली ज्याची त्याने. हे आधीच लिहून ठेवलेलं असतं, म्हणूनच तर जिन्यात एकमेकांना ओळख न दाखवणारी माणसंही एजीएमला कोटेशनं ताडून ठराव करू शकतात. त्यांनी एकमेकांवर प्रेम करण्याची गरज नाही. हिशेब वेळेवर आला आणि थकबाकीदारांची यादी वाचून दाखवली, तरी पुष्कळ झालं.

जमिनीचं दुखणं याहून जुनं आहे. फ्लॅटविक्रीवरच्या १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांनुसार, वेगळी मुदत ठरलेली नसेल तर, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीच्या मालकीचं हस्तांतरण, करून द्यायचं. कित्येकांनी ते दिलं नाही. अखेर २००८ च्या दुरुस्तीने बिल्डरच्या सहीवाचूनही डीम्ड कन्व्हेयन्स मिळवण्याची वाट काढून दिली. जमीन नावावर नसेल तर रंगरंगोटी खुशाल करा, पण स्वयंपुनर्विकास अडतो. २०१९ च्या शासन निर्णयाने त्याला सवलती देऊ केल्या, तरी पहिला प्रश्न प्रॉपर्टी कार्डावर कोणाचं नाव आहे हाच येतो. हे कागद गोळा करणारा माणूस बहुधा सोसायटीतला सर्वांत खडूस निवृत्त कारकून असतो. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

या व्यवस्थेतला एक अन्याय मात्र मला खटकतो. घर भाड्याने दिलेल्या मालकाकडून सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. त्या घरात रोज टपकणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवणाऱ्या भाडेकरूला मात्र मत नाही. मत नसू दे, पण पाणी, गळती आणि जिन्यातले दिवे यांवर बोलायला त्याला सभेत खुर्ची मिळावी. बरेच मालक याला राजी होणार नाहीत. बोलायला आलेला माणूस खर्चही सुचवेल, ही त्यांची भीती अगदीच खोटी नाही.