मुलांचा रविवार कुणी नेला?

थकलेल्या मुलांसाठी सध्या एक पुडी सर्रास वाटली जाते. पहाटे प्रार्थना, रात्री आठ तास झोप, दीर्घ श्वसन, कृतज्ञतेची वही आणि वर ‘स्वतःची काळजी घे, बाळा’ हा उपदेश. ख्रिस्ती मंडळीतले पालक या पुडीवर बायबलचं वचन चिकटवतात, बाकीचे ध्यानधारणेचं. आतला ऐवज एकच. माझं भांडण प्रार्थनेशी नाही, झोपेशी तर मुळीच नाही. भांडण आहे ते या गृहीताशी, की थकवा मुलाच्या आतच तयार होतो आणि तो उतरवायची जबाबदारीही त्याचीच. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी ‘नीट’ नाहीतर ‘जेईई’चा क्लास, रविवारी टेस्ट, असा आठवडा मोठ्यांनी आखायचा आणि मग मुलाला शांत राहायला शिकवायचं, म्हणजे त्याच्या वेळापत्रकात आणखी एक विषय घालायचा. त्यातही तो नापास होऊ शकतोच. प्रार्थना करूनही मन लागत नाही, म्हणजे आपला विश्वासच कमी पडला, हे ओझं मग जास्तीचं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, ती कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि न निस्तरलेल्या ताणातून येणारी अवस्था अशी, इतर क्षेत्रांना ती लावू नये, असंही बजावलं. यावर बोट ठेवून कुणी म्हणेल की मग विद्यार्थ्याला बर्नआउट कसला? मला उलटं दिसतं. जळगावातल्या क्लासला जाणारा अकरावीचा मुलगा कामगारच आहे, फक्त त्याला पगार नाही आणि संघटनाही नाही. एवढं मान्य केलं की ख्रिस्ती परंपरेतली खरी उपयोगाची गोष्ट सापडते. ती दहा आज्ञांमध्ये आहे, शब्बाथाची. ‘निर्गम’ या पुस्तकात ही आज्ञा सृष्टीच्या निर्मितीशी जोडलेली आहे; ‘अनुवाद’ या पुस्तकात मात्र कारण वेगळं दिलं आहे: तुम्ही मिसरात गुलाम होता, हे विसरू नका. ज्यांचं काम थांबवायचं त्यांच्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दास-दासी आहेत, बैल आणि गाढव आहे, गावातला उपराही आहे. म्हणजे घरधन्याने स्वतःपुरतं विसावून भागत नाही. आपल्या हाताखालच्यांना त्याने मोकळं करायचं आहे. ‘स्वतःची काळजी’ या कल्पनेत नेमकं हेच नसतं.

यावर खानदेशात हमखास येणारा आक्षेप असा: विसावा ही भरल्या पोटाची चैन. पारोळ्याकडच्या कोरडवाहू कापसावर ज्याचं घर चालतं, किंवा नवापूरच्या पाड्यावरून जी पोरगी पहिल्यांदाच बारावीला पोहोचली आहे, त्यांनी एक दिवस थांबावं कसं? शेजारचा थांबत नाही. आक्षेप वजनदार आहे, पण त्याचं उत्तर महाराष्ट्राने एकदा देऊन ठेवलं आहे. फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टी मागितली, तेव्हा ते कामगार काही सुखवस्तू नव्हते. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंड्यांनी मांडलं होतं. त्यामुळे या सुट्टीला परकी म्हणण्याची सोय कुणाला उरत नाही. महत्त्वाचं हे की सुट्टी सगळ्यांना एकदम मिळाली. एकटा थांबतो तो मागे पडतो; सगळे थांबले तर कुणीच मागे पडत नाही. शब्बाथ आज्ञा म्हणून आला, सल्ला म्हणून नाही, यातलं शहाणपण इथे आहे. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही क्लासेसना तेच सांगतात: आठवड्याची सुट्टी द्या, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा घेऊ नका, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नका.

इथवर आल्यावर मला माझाच युक्तिवाद अपुरा वाटू लागतो. सुट्टी मिळाली तरी तीत काय भरतं? संडे स्कूलमध्ये पाठांतराच्या स्पर्धा असतात, बक्षिसं असतात, म्हणजे तिथेही क्रमांकच. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे येशूला त्याच्या काळच्या धर्मपंडितांना सुनवावं लागलं, ते उगाच नव्हे. क्रमांक न विचारणारं घर म्हटलं की मला धरणगावात १८९० साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे आठवतात. वडील पोलीस खात्यात, त्यांच्या बदल्यांपायी शाळा तुटत गेली, शिक्षण पुरं झालंच नाही. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. ते घर ख्रिस्ती, मुलगा हिंदू, आणि तो हिंदूच राहिला. त्या घराने त्याच्याकडे ना गुणपत्रिका मागितली ना बाप्तिस्मा. या मायेने त्याचं औदासीन्य पुसलं गेलं नाही आणि १९१८ साली भादली स्टेशनाजवळचा रेल्वे अपघातही टळला नाही. माया हा काही विमा नसतो. पण शाळेने ज्याला अर्ध्यावर सोडलं, त्याला कवी म्हणून उभं राहायला जागा मिळाली, ती अशा अटीविना केलेल्या स्वागतामुळे.

शुभवर्तमानातला क्रमही असाच आहे. यार्देन नदीवर येशूला पित्याची पसंती मिळते, तेव्हा त्याने अजून एकही चमत्कार केलेला नाही. रानातली कसोटी त्यानंतरची. आपण मुलांशी नेमका उलटा क्रम ठेवतो: आधी टक्के, मग कौतुक. कृपेची शिकवण देणाऱ्या मंडळीला तरी हे शोभत नाही. ज्यांना श्रद्धेने मुलांचा थकवा हलका करायचा आहे, त्यांच्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. धुळे, भुसावळ, नवापूर इथल्या मंडळ्यांनी रविवारच्या टेस्टला मुलांना पाठवायचं नाही असं एकत्र ठरवावं, आणि क्लासवाल्यांना तसं लेखी कळवावं. आणि निकालानंतर गुणवंतांचे सत्कार, जे खानदेशातला प्रत्येक समाज हौसेने करतो, ते एकतर बंद करावेत किंवा व्यासपीठावर नापास झालेल्यालाही तोच हार घालावा. हे जमणार नसेल, तर मुलांना श्वास मोजायला शिकवू नये. निदान त्यांचा वेळ तरी वाचेल.