तुटक्या चकलीचा धनी

आत्मा अमर आहे की नाही, या प्रश्नावर आजवर पुष्कळ थोरामोठ्यांनी विचार करून ठेवला आहे, म्हणून मी तिकडे फिरकत नाही. एक तर मी बी. कॉम.; आणि दुसरं म्हणजे बँकेतल्या कारकुनाला अमर असं काही दिसलंच, तर ते थकबाकीदाराचं खातं असतं. पण एक प्रश्न असा आहे की ज्याच्याकडे ऋषिमुनींचं लक्षच गेलेलं नाही. तळताना तुटलेली चकली कोणी खायची?

हसू नका. हसण्याचं काम चकलीचं. मोहन जरा जास्त पडलं की ती तेलात हसते, म्हणजे तिचे वेढे सुटून कढईभर तुकडे होतात, आणि करणारीला रडू येतं. मोहन कमी पडलं तर तिला असा ताठा येतो की खायला खलबत्ता घ्यावा लागतो. जाळ मोठा झाला तर वरून तांबूस, आतून कच्ची. दुसऱ्या दिवशी मऊ. तेलातले बुडबुडे शांत होईपर्यंत जी बाई मंद जाळापुढे बसू शकते, तिनं खरं म्हणजे वसुली खात्यात यावं.

आमच्या माकणीत, म्हणजे लोहारा तालुक्यात तेरणेवर निम्न तेरणा धरण आहे त्या गावात, या उद्योगाची यंत्रसामग्री फार नसते. कढई, झारा, पितळी सोऱ्या आणि तेल टिपायला जुनं वर्तमानपत्र. सोऱ्या नसला तरी अडत नाही. भाजणीची उकड मळायची, तळहाताखाली पोळपाटावर तिची लांब कांडी वळायची, दोन्ही टोकं जुळवायची, झालं कडबोळं. भांडवल थोडं, मजुरी शून्य. ती शून्य कशी, हे कॉमर्सच्या पुस्तकात सापडत नाही, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरीही दिवाळीचं कोणीतरी फुकटच तळत असणार.

आता माल तयार झाला की त्याचे दोन डबे होतात. अख्ख्या चकल्या वरच्या फळीवरच्या डब्यात, पाहुण्यांसाठी. तुकडे खालच्या डब्यात, घरच्यांसाठी. वरच्या डब्याला हात लावायचा नाही. पाहुणे येतात, चार येतात, आठ येतात. पण मोजून तेवढेच येतात. तुळशीचं लग्न उरकतं. मग कधीतरी वरचा डबा उघडून वास घेतला जातो आणि निर्णय होतो, “खवट व्हायला लागल्या, संपवून टाका.” म्हणजे चकली ताजी असते तेव्हा घरच्यांना तुटकी, आणि अख्खी मिळते तेव्हा खवट. ताजी आणि अख्खी, हा योग घरच्यांच्या पत्रिकेतच नाही.

तुम्ही म्हणाल, पीठ तेच, तेल तेच, चवीत काय फरक? काहीच नाही. मग पाहुण्यापुढे तुकडे ठेवून बघा! प्रश्न चवीचा नसतो, मानाचा असतो. देवालाही अख्खंच लागतं; पण देव बिचारा नुसतं बघून परत देतो. पाहुण्याची ती रीत नाही.

बँकेत राहून राहून मला वाटायला लागलं होतं की या व्यवहारात अन्याय नाही, हे क्लिअरिंग आहे. आपल्या घरच्या अख्ख्या चकल्या शेजारच्या देशमुखांनी खाल्ल्या, तर त्यांच्या घरच्या आपण खातो. तुकडे ज्यानं त्यानं आपापल्या घरी, अख्ख्या दुसऱ्याकडे. गावाचा ताळेबंद बरोबर जुळतो. जुळवून मी पेन खाली ठेवणार, तेवढ्यात एक नोंद राहिलेली दिसली. हा चेक वटायला घराबाहेर पडावं लागतं. फराळाला आम्ही पुरुष हिंडतो, पोरं हिंडतात. आणि जी तळते ती येणाऱ्यांची सरबराई करायला घरीच असते. तिच्या खात्यातून वर्षानुवर्षं नावे पडतंय, जमा काही नाही.

राखून ठेवणं हा गुण आहे, असं आम्ही बँकवाले दिवसभर सांगतो, आणि ते खोटं नाही. पण आमच्या ठेवीवर मुदतीची तारीख असते आणि ठेवीदाराचं नाव असतं. वरच्या डब्यावर दोन्ही नसतं. आमच्या भागाला हे निराळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं खाली आली. किल्लारी, सास्तूर आणि कितीतरी गावांतली हजारो माणसं गेली. माणसांपुढे डब्यांचा हिशेब कोण करतो? पण कोनाड्यांतून, उतरंडींतून ‘पुढं लागंल’ म्हणून ठेवलेलं सगळंही त्याच मातीखाली गेलं. त्यानंतर बाहेरगावाहून आलेलं अन्न ओळीत बसून खाताना कोणी यजमान नव्हतं आणि कोणी पाहुणा नव्हतं. दिवाळी दीड महिन्यावर होती.

म्हणून गेल्या दिवाळीत मी घरात एक ठराव मांडला. पहिल्या घाण्यातली देवाची काढली की दुसरी अख्खी, गरम चकली तळणारीनं तिथंच बसून खायची. ठरावाला मुलांनी अनुमोदन दिलं. मंडळींनी कढईतून मान वर न काढता उत्तर दिलं, “अहो, मला तुटकीच आवडते. अख्खी ठेवा, कोणी आलं तर लागेल.” आतून आईनं दुजोरा दिला, “मलाबी आवं, तुटकीच गोड लागती.”

आता इथं माझं कॉमर्स संपतं. चाळीस वर्षं तुकडेच खाल्ल्यावर तुकडेच आवडायला लागतात, की आवडतात म्हणूनच चाळीस वर्षं खाल्ले? आवड कुठं संपते आणि सवय कुठं सुरू होते, हे त्या दोघींनाही सांगता येणार नाही. कारण ते ठरवायला आधी दोन्ही चकल्या ताज्या समोर याव्या लागतात, आणि त्यांतली कुठलीही उचलायची मुभा असावी लागते. ती मिळाल्यावरही त्यांनी तुकडाच उचलला, तर ती आवड. तोवर मी तरी ‘आवडते’ या शब्दावर सही करणार नाही. सही पडताळून बघायचाच मला पगार मिळतो.